नकाराची तालीम

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

दरवर्षी २६ जून उजाडला की आपण सभागृहात जमतो. तो जागतिक अंमली पदार्थविरोधी दिन. पाहुणे येतात, पोलीस अधिकारी येतात, पडद्यावर काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रे दिसतात. शेवटी सर्वांनी उभे राहायचे, उजवा हात पुढे करायचा आणि एका सुरात म्हणायचे, ‘मी व्यसनांपासून दूर राहीन.’ अकरावीपासून आजपर्यंत ही शपथ मी चार वेळा घेतली आहे. ‘व्यसनमुक्ती : काळाची गरज’ या विषयावरच्या निबंधाला मला बक्षीसही मिळाले आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की ज्या रात्री या साऱ्याची गरज पडली, त्या रात्री त्यातले एक अक्षरही माझ्या उपयोगी पडले नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. एकांकिकेची तालीम संपवून आम्ही पाच-सहा जण एका मित्राच्या भाड्याच्या खोलीवर गेलो होतो. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. तालीम छान झाली होती, सगळेच खुशीत होते. तेवढ्यात एकाने खिशातून कागदाची पुडी काढली. सिगारेटमधली तंबाखू झटकून त्याने तीत गांजा भरला, ती पेटवली आणि ती हातोहात फिरू लागली. ती आणणारा कोणी गुंड नव्हता. महिन्याभरापूर्वी माझ्या वडिलांना रात्री दवाखान्यात न्यायचे होते, तेव्हा हाच मित्र गाडी घेऊन धावत आला होता. सिगारेट माझ्यापाशी आली तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘घे रे एकदा. तू काय बाहेरचा आहेस का?’

मित्रहो, मला उत्तर माहीत होते. वाक्य माहीत नव्हते. गांजाचे दुष्परिणाम मी पाच मुद्द्यांत लिहून दाखवले असते. पण ज्यांच्याबरोबर उद्या रंगमंचावर उभे राहायचे, त्यांच्यासमोर या क्षणी तोंडातून काय काढावे हे मला कोणी शिकवले नव्हते. मी ती सिगारेट हातात घेतली. ओठांपर्यंत नेली असती की नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. इतक्यात कोपऱ्यात बसलेला, प्रकाशयोजना सांभाळणारा, एरवी फारसा न बोलणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘मला नको, मी निघतो. नाशिक रोडची शेवटची बस आहे. येतोस ना तू?’ मी सिगारेट शेजारच्याच्या हातात दिली आणि उठलो. जिना उतरताना माझे पाय कापत होते. बस खरोखरच शेवटची होती का, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.

माझी सुटका शपथेने झाली नाही, निबंधानेही झाली नाही. ती दुसऱ्याच्या एका साध्या वाक्याने झाली. ते वाक्य शिकवता येते का, आणि येत असेल तर आपण ते का शिकवत नाही, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

नाशिककरांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिक-पुणे रस्त्यावरच्या शिंदे गावाजवळ छापा घातला आणि मेफेड्रोनचा, म्हणजे ज्याला सारे ‘एमडी’ म्हणून ओळखतात त्या पदार्थाचा कारखाना उघडकीस आणला. जप्त मालाची किंमत सुमारे ३०० कोटी रुपये सांगण्यात आली. द्राक्षांचे गाव, मंदिरांचे गाव, तात्यासाहेब शिरवाडकरांचे गाव म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, त्याचे नाव कित्येक दिवस वेगळ्याच कारणाने वर्तमानपत्रांत झळकत राहिले. आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, अल्प्राझोलम हे डॉक्टरांनी लिहून द्यायचे औषध ‘कुत्ता गोळी’ या नावाने नशेसाठी विकले जाते, हेही कोणाला नवे नाही. २०२३ च्या त्या छाप्यानंतर शहरात मोर्चे निघाले, ते योग्यच झाले. कारखाना शोधणे, माल पकडणे, विकणाऱ्याला शिक्षा करणे हे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम. ते त्यांनी केलेच पाहिजे.

पण पुडी कारखान्यातून कितीही दुरून येवो, शेवटची दहा पावले ती बहुतेक वेळा ओळखीच्या हातानेच चालते. त्या दहा पावलांवर पोलीस नसतो, आईवडील नसतात, प्राध्यापकही नसतात. तेथे सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा किंवा मुलगी असते, आणि तिच्यापाशी जेमतेम अर्धे मिनिट असते. आपली सारी व्याख्याने त्या अर्ध्या मिनिटाच्या आधी संपलेली असतात.

या अर्ध्या मिनिटात नेमके काय घडते? सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा १९५१ सालचा प्रयोग आपण परीक्षेपुरता वाचतो आणि विसरतो. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिल्या रेघेइतकी लांब कोणती, एवढे सांगायचे. लहान मुलालाही जमेल असे काम. पण खोलीतले बाकी सारे जण आधीच ठरवून चुकीचे उत्तर देत. अशा वेळी खऱ्या विद्यार्थ्याने सुमारे एक-तृतीयांश वेळा आपल्या डोळ्यांना दिसणारे उत्तर सोडून इतरांचे उत्तर दिले. रेघेच्या लांबीवरून कोणाची मैत्री तुटणार नव्हती, आणि समोरचे सारे अनोळखी होते, तरीही! मग मित्रांच्या खोलीत काय होत असेल? या प्रयोगाचा दुसरा भाग मात्र आपण फारसा लक्षात ठेवत नाही. गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी इतरांपुढे मान तुकवण्याचे प्रमाण एक-चतुर्थांशावर आले. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या त्या मुलाने माझ्यासाठी हेच केले.

२००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी संगणकावर मोटार चालवण्याचा एक खेळ किशोरांना, तरुणांना आणि प्रौढांना खेळायला दिला. एकटे असताना तिन्ही गट जवळपास सारखाच धोका पत्करत. मित्र बघायला उभे राहिले की किशोरांचे धोका पत्करणे सुमारे दुपटीने वाढले. प्रौढांवर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे ‘या मुलांना कळत नाही’ ही तक्रार खरी नव्हे. एकटे असताना त्यांना पुष्कळ कळते. चौघांत बसल्यावर ते कळणे वापरता येत नाही, हे खरे दुखणे आहे. आणि आपण उपाय करतो तो कळण्यावर!

येथे वडीलधाऱ्यांची क्षमा मागून एक कटू गोष्ट बोलतो. आमच्या घरांत ‘गुणी मुलगा’ कोणाला म्हणतात? जो उलट बोलत नाही त्याला. ‘गुणी मुलगी’ तर त्याहून गप्प असावी लागते. दहावीनंतर शाखा वडील निवडतात, क्लास काका सुचवतात, कला शाखा घेतली तर ‘आता हिचे कसे व्हायचे’ ही चिंता शेजारी करतात. वर्गात ‘काही शंका?’ असे सर विचारतात आणि शंका कोणी काढली की बाकीचे घड्याळाकडे पाहतात. अशा रीतीने अठरा वर्षे आमच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली जाते : समोरचा ठामपणे सांगतो आहे ना, मग मान डोलवा. आणि एके रात्री ठामपणे सांगणारा माणूस बदलतो. वडिलांच्या जागी मित्र येतो. आम्ही सवयीने मान डोलावतो. ज्या आज्ञाधारकपणाचे घरी कौतुक झाले, त्याचाच फायदा त्या खोलीत दुसरा कोणी घेतो. ज्याला भाजी कोणती आणायची याचाही निर्णय कधी घेऊ दिला नाही, त्याने आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय रात्री दहा वाजता, एकट्याने, अचूक घ्यावा ही अपेक्षा न्याय्य आहे काय?

गंगेवर पोहायला शिकवणारे जुने नाशिककर हा न्याय जाणत होते. पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागले असताना कोणी मुलाला पोहायला शिकवत नाही. शिकवायचे ते उन्हाळ्यात, पाणी संथ असताना, पाठीला डबा बांधून आणि शेजारी उभे राहून. घाटाच्या पायरीवर बसून पाण्याच्या धोक्यांवर व्याख्यान ऐकलेला मुलगा पोहू शकत नाही. नकाराचेही तसेच आहे.

हा अनुभव इतरांनी घेऊन पाहिला आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात ‘फक्त नाही म्हणा’ अशी घोषणा गाजली. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन मुलांना धोके समजावून सांगू लागले. तो हजारो शाळांत पसरला, पालक खूश झाले. पण १९९० च्या दशकात त्याची परीक्षणे झाली तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा परिणाम अगदीच नगण्य असल्याचे दिसले. त्याच सुमारास गिल्बर्ट बॉटविन या मानसशास्त्रज्ञाने वेगळी वाट धरली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या ५६ शाळांत १९८५ पासून सातवीच्या मुलांना शिक्षकांनीच निर्णय कसा घ्यावा, घाबरलेले मन कसे सावरावे, आपले म्हणणे कसे मांडावे, नको ते कसे नाकारावे, याचा सराव द्यायला सुरुवात केली. ही मुले बारावी संपवेपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सराव मिळालेल्या मुलांत तंबाखू, मद्य आणि गांजा यांचा वापर इतरांपेक्षा कमी आढळला. आणि जेथे हा अभ्यासक्रम अर्धवट न सोडता शिकवला गेला, तेथे फरक अधिक ठळक होता.

जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. निर्णयक्षमता, चिकित्सक विचार, ताणतणावांचे समायोजन वगैरे. ही नावे आपल्याकडे पोहोचली, परंतु पोहोचली ती यादी होऊन. ‘जीवनकौशल्ये म्हणजे काय? कोणतीही पाच स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की आम्ही दहाही लिहितो! पोहण्याची व्याख्या पाठ केल्यासारखेच हे झाले.

दूर कशाला जायचे? महाराष्ट्रात १९८० च्या दशकात ‘गर्द’ची, म्हणजे ब्राउन शुगरची लाट आली, तेव्हा डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेव्हापासून कितीतरी घरे तेथे सावरली गेली. व्यसनमुक्तीच्या उपचारांत बरा झालेला माणूस पुन्हा घसरू नये म्हणून त्याला काय शिकवतात? जुना मित्र दारात येऊन उभा राहिला तर काय म्हणायचे, कोणत्या रस्त्याने जायचे नाही, मन ओढ घेऊ लागले तर कोणाला फोन करायचा. म्हणजे नकाराचीच तालीम. जी विद्या संसाराची राखरांगोळी झाल्यावर शिकवली जाते, ती आधी शिकवायला काय हरकत आहे?

ही तालीम कशी असावी? आपण कलाशाखेचे विद्यार्थी आहोत आणि वसंत कानेटकरांच्या गावात राहतो. तालीम म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. मला सुचते ते असे. वर्गात पाच-सहा जणांचा गट करावा. एकाने आग्रह करणारा व्हावे, एकाने नाकारणारा, एकाने ‘साथ देणारा’. बाकीच्यांनी गंमत पाहणारे मित्र व्हावे. प्रसंग खरा घ्यावा : वाढदिवस, सहल, वसतिगृहातली खोली, परीक्षेच्या आदल्या रात्री ‘जागायला बरी पडते’ म्हणून दिलेली गोळी. मुलींनी आपले प्रसंग स्वतः लिहावेत. त्यांच्यावरचा आग्रह वेगळ्या शब्दांत येतो आणि त्यांच्या नकाराची किंमतही वेगळी असते. मग भूमिका बदलाव्यात.

आम्ही काही जणांनी गेल्या सहामाहीत मोकळ्या तासांना हे करून पाहिले. काही गोष्टी लगेच ध्यानात आल्या. पहिली : कारणे देत बसू नये. ‘मला खोकला आहे’ म्हटले की समोरचा म्हणतो, ‘याने खोकला पळतो.’ कारण खोडता येते. ‘नको रे, मला नको’ हे खोडता येत नाही. तेच वाक्य शांतपणे तीनदा म्हणावे. दुसरी : उपदेश करू नये. आपण त्याचे कीर्तनकार झालो की तो चिडतो आणि भांडण भलतीकडेच जाते. ‘मला नको, चहा पाजतोस का?’ यात नकारही राहतो आणि मैत्रीही. तिसरी : निघायची वाट आधी ठरवावी. पाय उचलले की अर्धा नकार झालाच. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आग्रह करणाऱ्याची भूमिका केल्यावर आम्हाला कळले की त्याच्या भात्यात चार-पाचच बाण असतात : ‘घाबरतोस का’, ‘एकदाच’, ‘आमचा नाहीस का’, ‘सगळेच करतात’. एकदा ते ओळखीचे झाले की पुढच्या वेळी हसू येते.

यातला ‘सगळेच करतात’ हा बाण तर अगदीच बोथट आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातल्या भारतीयांपैकी भांग, गांजा, चरस यांपैकी काहीही वर्षभरात घेतलेले लोक सुमारे २.८ टक्के होते. तरुणांत हे प्रमाण थोडे अधिक धरले तरी ‘सगळेच’ हा शब्द कोठून येतो? जे घेत नाहीत ते त्याविषयी बोलत नाहीत, म्हणून ते मोजले जात नाहीत.

यावर आक्षेप येतील. काही पालक म्हणतील, मुलांना स्वतः निर्णय घ्यायला शिकवले तर ती हाताबाहेर जातील. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की निर्णय ती आजही घेतच आहेत. फक्त सराव न करता आणि तुम्हाला न सांगता. काही प्राध्यापक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा करायलाच तास पुरत नाहीत. मग राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातली एक संध्याकाळ द्या, २६ जूनच्या दोन व्याख्यानांपैकी एक कमी करा. तिसरा आक्षेप मला स्वतःला खरा वाटतो. घरातले दुःख, बेकारी, एकटेपणा, कोपऱ्यावर सहज मिळणारा माल, हे सारे एका वाक्याने दूर होत नाही. कौशल्य म्हणजे जादू नव्हे. पण माणूस पोहायला शिकला म्हणून आपण नदीकाठचा कठडा काढून टाकत नाही. दोन्ही हवेत.

आणखी एक गोष्ट या तालमीत असायला हवी. ज्याचा निर्णय एकदा चुकला, त्याला परतीचा रस्ता दाखवणे. भीती आणि शरम यांमुळे मुले गप्प बसतात आणि आणखी रुततात. अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातही स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क मदत क्रमांक आहे. शपथेच्या फलकाखाली हा क्रमांकही लिहिला तर कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

शेवटी त्या मित्राविषयी. काही महिन्यांनी मी धीर करून त्याला त्या रात्रीबद्दल विचारले. मला वाटले होते तो थट्टा करील. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘दोन वर्षांपूर्वी मलाही कोणीतरी असेच म्हणाले होते. मला काय बोलावे ते सुचले नाही, म्हणून घेतली.’

त्याच्या खोलीत त्या रात्री ‘मी निघतो, येतोस ना तू?’ असे म्हणणारा कोणी नव्हता. तोही माझ्याइतकाच शिकलेला होता. शपथा त्यानेही घेतल्या होत्या. फरक एका सोबत्याचा होता. येत्या २६ जूनला आपण पुन्हा सभागृहात जमू, हात पुढे करू. त्यानंतर एक तास थांबावे, खुर्च्या बाजूला सराव्यात आणि तालीम सुरू करावी, अशी माझी सर्व मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना विनंती आहे. साथ देणाऱ्याची भूमिका करायला मी तयार आहे. ती मला कोणीतरी करून दाखवली आहे.